रुईची नवरी नको

मी, खंडेराव तुकाराम थेटे, वय ६९, धंदा पूर्वी अंबडच्या कारखान्यात लेथचे काम, हल्ली दवाखान्याचे हेलपाटे, राहणार सिडको, नाशिक, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. डॉक्टरांनी निम्मा जबडा काढून घेतला आहे, डोके जागेवर आहे. कोणी धाक घातलेला नाही. घालायला घरात असतं कोण?

१. सिडकोतले घर माझ्या कमाईचे आहे. थोरले बंधू सोमनाथदादा यांनी वाटणीची भाषा करू नये. गिरणाऱ्याच्या शेतातला माझा हिस्सा ते आजवर खातच आलेत, तो त्यांनाच राहो.

२. घोटीची मंडळी मला बघायला आली तेव्हा मी सेकंड शिफ्टला होतो. दादांनी त्यांना परस्पर सांगितलं, "आमचा खंडू लग्नच नको म्हणतो." मला हे कळलं दादांच्या मुलीच्या लग्नात, त्याच मंडळींच्या तोंडून. माझ्या पगारावर घर चालत होतं, दुसरी सून परवडणार नव्हती. वहिनी चारचौघांत म्हणायच्या, "भाऊजींचं बरंय बाई, सडाफटिंग! कोणाची कटकट नाही." मला ती कटकट हवी होती. गेल्या वर्षी दिवाळीत त्यांच्याकडे चिवडा गालात धरून बसलो होतो. दादा म्हणाले, "दाढ काढून टाक." वहिनींनी चिवडा उचलून शिरा वाढला. तोंड उघड, असं कोणी म्हणालं नाही.

होळीला चंदर भोये जेवायला आला. हा पेठकडचा, आमच्या कारखान्याचा वॉचमन, बायको गेल्यापासून भाड्याच्या खोलीत एकटा. माझं ताट बघून म्हणाला, "खंडूदादा, ठेचा सोडला तू? आ कर." मोबाइलच्या उजेडात बघितलं आणि हात धुवायच्या आधी मला रिक्षात घातलं. तपासणीत कॅन्सर निघाला. डॉक्टरीणबाईंनी पहिलंच विचारलं, "काका, घरी कोण असतं?"

"कोणी नाही. म्हणून झाला का हा?"

"झाला तंबाखूने. एकट्या पुरुषांचा कॅन्सर बहुतेक उशिरा सापडतो. टोकणारं कोणी नसतं ना."

३. म्हणून घर चंदरला द्यावे. अट एकच, त्यात एकट्याने राहायचे नाही. त्याचा विधुर भाऊ काळू याला गावाहून आणावे. दर रविवारी दाढीच्या वेळी खिडकीच्या उजेडात दोघांनी एकमेकांची तोंडे बघावीत. पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम दिसली की तडक दवाखाना. चंदर म्हणतो, "लोक हसतील ना, दादा." हसू देत. मी कोणी न हसता मरतोय.

४. लेथवर माप घ्यायचा माझा मायक्रोमीटर पुतणी हर्षालीला. त्या घरातून फोन करून "काका, जेवलात का" विचारणारी ती एकटी. तंबाखूची डबी कोणालाही देऊ नये, माझ्याबरोबर जाळावी.

५. आमच्यात बिनलग्नाचा पुरुष गेला की आधी रुईच्या झाडाशी त्याचं लग्न लावतात, मग अग्नी देतात. नाहीतर तो घरादाराला छळतो म्हणे. ऑपरेशननंतर दादा भेटायला आले. वाटलं, हात धरतील. तर म्हणाले, "काळजी करू नको. कॅनॉलच्या कडेला चांगली रुई बघून ठेवलीय." जिवंतपणी बाई येऊ दिली नाहीत, मेल्यावर झाड आणता? रुई माझं तोंड उघडून बघणार होती का? हे लग्न लावू नये. आईने माझ्यासाठी घेतलेल्या मुंडावळ्या ट्रंकेत आहेत, त्या दादांना द्याव्यात. बांधायला नव्हे, बघत बसायला. अग्नी चंदरने द्यावा.

६. यंदाच्या श्रावणात वहिनी गेल्या. दादा, आता तुम्हीही एकटेच आहात, आणि तंबाखू तुम्हीही खाता. माझा राग माझ्याबरोबरच जाईल, तो निवळायची वाट बघू नका. रविवारी सकाळच्या गाडीने सिडकोत येत जा. खिडकी मोठी आहे. चंदरला सांगून ठेवलंय, तो तुम्हालाही "आ कर" म्हणेल. लाजू नका.

वाचून, समजून सही केली.

खंडेराव तुकाराम थेटे

आमच्यासमोर सही झाली, तेव्हा खंडेराव पूर्ण शुद्धीवर होते :
१. डॉ. संजना गायधनी
२. उज्वला शिरसाठ, शेजारी
(चंदरला घर मिळणार, म्हणून त्याची सही घेतली नाही. तो बाहेर चहा करत आहे.)

नाशिक, १४ डिसेंबर २०२५, रविवार