कोरडी छत्री

पोळा होऊन तिसरा दिवस, संध्याकाळ

मी सांगून राह्यली, सून लिहून राह्यली. तिची लेक, माही नात शोभा, पोळ्याले आलती. दुपारी भर पावसात नवऱ्याच्या मोटारसायकलवर दिग्रसले गेली. अजून फोन नाही.

टायर पार गुळगुळीत. मागच्या हंगामात कापसाले भाव भेटला नाही, मंग नवा कुठून येईन? पण जावई मानाचा माणूस, त्याले थांब कसं म्हणावं? "बापू, सावकाश जा, ब्रेक एकदम दाबू नोका," एवढंच म्हटलं. अन् छत्री दाबून ठेवली.

शोभा म्हणे, "आजी, छत्री दे वं, भिजीन न!"

"भिज. तू काही मिठाची नाहीस."

सारे हसले. मले हसू आलं नाही. मागच्या साली शेजारची कमळा अशीच गाडीवर मागं बसून गेलती, छत्री उघडून. छत्रीत वारा भरला अन् कमळा डांबरावर फेकल्या गेली. छत्री धड राह्यली, कमळा उठली नाही. हे पोरीले काहून सांगतलं नाही मी? निघत्या माणसाले अशुभ बोलू नये म्हणतेत, म्हणून.

छत्री कोपऱ्यात कोरडी उभी हाये.

आत्ताच फोन आला. पोचली. चिंब भिजली म्हणे, माह्यावर लय चिडली.

चीड बाई. तुहा राग मले आयकू आला, लय झालं.