मासा पायाशी आहे

बाबा, शनिवारी मी तुमचा मासेमारीचा जुना रॉड घेऊन लेकीबरोबर आपल्या त्याच खडकाळ किनाऱ्यावर गेले होते. हॅरोला घरी परत येऊन दोन रात्री झाल्या, तरी माझी भीती जात नाही. केंब्रिजला शिकायला गेल्यापासून तिला बास मासे पकडायचं वेड लागलंय. तुम्ही खूश झाला असतात. सकाळी वारा समुद्राकडून थेट तोंडावर येत होता, पाणी गढूळ, काठाला नुसता फेस. थर्मासमधला चहा संपेपर्यंत तुम्ही रॉडला हातही न लावता पाणी बघत बसायचात, तशीच मी बसले. मग तिला म्हटलं, अशा हवेत बास खाणं शोधत अगदी काठाशी येतो, गळ लांब टाकू नकोस. तिनं ऐकलं.

दुपारी वारा पडला आणि पाणी निवळायला लागलं. "आई, पाणी क्लिअर झालंय, आता फिश लांब गेले असणार," म्हणत ती पुढच्या खडकावर चढली. तिचं बरोबरच होतं. पण भरती लागली होती, आणि वारा पडला तरी लाटा कुठे पडल्या होत्या? तिच्या पाठीमागच्या घळीत पाणी शिरताना मला दिसतंय, तिला दिसत नाहीये. "मागे ये, मासा तुझ्या पायाशी आहे," मी ओरडले. "वन लास्ट कास्ट, आई." "आत्ताच्या आत्ता ये." कुरकुरत, मांडीभर पाण्यातून ती आली. तिनं मागे वळून पाहिलं तेव्हा लाट त्या खडकावरून जात होती. मग ती हळूच म्हणाली, "पायाशी तर काहीच नव्हतं."

शाळेत असताना मी त्याच खडकावर चढले होते, तेव्हा तुम्ही हेच शब्द ओरडून सांगितले होते. मी दिवसभर रुसले होते. परतताना गाडीत आठवलं, त्या दिवशीही पाणी नितळ होतं. नितळ पाण्यात बास काठाला फिरकत नाही, हे पुढे तुम्हीच शिकवलंत. म्हणजे माझ्याही पायाशी काहीच नव्हतं. तुम्हाला पोहता येत नव्हतं, बाबा.

हे पत्र रॉडच्या पिशवीत ठेवणार होते, पण पिशवी आता तिच्याकडे असते, तिच्या हाती लागेल. मलाही पोहता येत नाही, हे तिला अजून माहीत नाही.