पाळण्यातली टोपी

३ मार्च
आज आले ते: मऊ लोकर, दोन गुंडे, सव्वापाच रुपये. बाळाच्या अंगाला लावायचे तेल, मोठी बाटली, साडेनऊ. (लहान घेतली की थेंबामागे महाग पडते.) पावडर, मोठा डबा, सात. धुण्याचा सोडा, दोन. सूनबाई आणि तिची तीन महिन्यांची ठकी, दुपारच्या बसने, विनामूल्य.

मुलगा यंत्रविक्रीच्या फिरतीवर असतो, तेव्हा ठकीला सांभाळणार मीच. सूनबाई महिनाभर इथल्या ऑफिसात अर्धा दिवस जाऊन बघणार. ठकी माझ्याकडे रुळली तर मायलेकी इथेच राहतील. नाही तर विहीणबाईंच्या गावच्या ऑफिसात बदली. विहीणबाई स्वभावाने चांगल्या आहेत, पण त्यांना साधा स्वेटरचा गळा विणता येत नाही. देवाच्या कृपेने निकाल लागल्यातच जमा आहे.

५ मार्च
ठकीच्या टाळूवर पिवळट, तेलकट खवले. बघताक्षणी ओळखले: कोंडा. सूनबाई म्हणाली, डॉक्टरांना दाखवून आणा. फी गेलीच.

डॉक्टर भले आहेत, पण अर्धे इंग्रजीत बोलतात. म्हणाले, क्रेडल कॅप, काळजी नको, आपोआप जाते. मॅट्रिकला इंग्रजीत छप्पन मार्क पडलेल्या बाईला यात न कळण्यासारखे काय आहे? क्रेडल म्हणजे पाळणा, कॅप म्हणजे टोपी. पाळण्यात टोपी हवी. उलटून विचारले नाही, बाहेर केवढी रांग होती. घरी सांगितले, उपाय समजला, खर्च शून्य.

७ मार्च
टोपी तयार. दुहेरी विणीची, कान झाकणारी. बंद दोन लावले, कारण ती आपोआप जाते हे डॉक्टरांनीच बजावले आहे. आता जाऊन दाखवावी.

सूनबाई ऑफिसला गेली की घालते. ठकीला पाळण्यातून काढले की टोपीही काढते. डॉक्टरांच्या शब्दाबाहेर मी जाणार नाही.

१० मार्च
कपाळावर आणि मानेवर बारीक लाल पुरळ. घामोळे. हेही चटकन ओळखले, अनुभव असला की असे होते. उकाडा नाही काही नाही, मग घामोळे आले कुठून, एवढेच कळत नाही.

आधी तेल, वरून पावडर. मानेच्या घडीत दोन्हींचे मिळून काहीतरी तिसरेच झाले. हे जन्मभर खिडक्यांना लुकण भरून काचा बसवत आले. चष्मा लावून बघितले आणि म्हणाले, लुकण छान भरलंयस, आता काच कधी बसवतेस. ह्यांच्याशी आजपासून बोलणे बंद.

संध्याकाळी चहा हवा का विचारायचे होते, म्हणून बोलले.

१३ मार्च
आता बसायची जागा लाल. लंगोट मी स्वतः सोड्यात उकळते आणि एकदाच विसळते. पाणी काय फुकट येते? शिवाय थोडा सोडा कापडात राहिला तर जंतू जवळ यायचे नाहीत. सूनबाईने लंगोट नाकाशी धरला, मग बोटांत चुरगाळला, आणि पुन्हा विसळायला घेतला. चार बादल्या. मी मोजल्या.

ती म्हणते, ठकीला थोडा वेळ उघडेच राहू द्यावे. उघडे म्हणजे उघडे. मी हो म्हटले. ती आत गेल्यावर दुपटे घातले.

१५ मार्च
संकल्प: आज दिवसभर ठकीला काहीही लावायचे नाही.

सकाळी सव्वानऊ. पावडर लावली. पावडर म्हणजे काही लावणे नव्हे, ती नुसती बसते.

१७ मार्च, दुपार
ठकी दूध घेत नाही. मानेची घडी ओली, लालभडक, मध्ये दुधाचा आंबूस वास. खांद्यावर घेतले, फिरवले, पाळण्यात ठेवले, टोपी घातली, काढली, घातली. देवापुढे बसले तर ती रडते, उठले तर देवाचे राहते. परवापर्यंत माझ्या बांगड्या वाजल्या की हसायची. आज बांगड्या वाजल्या आणि तोंड वाकडे करून रडायला लागली. तेल लावणारा हात तिने ओळखला. आजाराची नावे मला येतात, पण रडणे थांबवायचे कसे ते येत नाही.

सूनबाई लवकर आली. ठकी पाळण्यात होती.

१७ मार्च, रात्री
दोघी मिळून डॉक्टरांकडे. टोपी सूनबाईने पर्समधून काढून टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी आधी टोपी बघितली, मग मला. म्हणाले, "आजी, क्रेडल कॅप म्हणजे टोपी नव्हे हो. त्या खवल्यांचंच नाव आहे ते."

रोगाला टोपीचे नाव ठेवणाऱ्याची चूक आहे, माझी नाही.

मग पुष्कळ सांगितले, सगळे मराठीत. तेल-पावडर बंद. सुती, सैल कपडे. मानेच्या घड्या पाण्याने पुसून, टिपून कोरड्या ठेवा. लंगोट सोडा पार निघेपर्यंत विसळा, ओला झाला की लगेच बदला. लालीला पांढरे मलम, पातळ. दूध नीट घेतले नाही किंवा ताप आला तर रात्री-अपरात्रीही आणा. खवल्यांचे काही करू नका.

सूनबाई हसली असती तर बरे झाले असते. घरी येताना एवढेच म्हणाली, "आई, तुम्ही तिच्यासाठी खूप करता. थोडं कमी केलंत तर चालेल का?"

चालेल म्हटले. न चालायला काय झाले?

२१ मार्च
चार दिवस सगळे अक्षरशः पाळले. मान सुकत आली. म्हणून आज, सुकल्याने कातडी ताणू नये म्हणून, बोटाच्या टोकावर एकच थेंब. बाटली अजून पाऊण भरली आहे, टाकायची का? संध्याकाळी मान पुन्हा लाल. सूनबाईने विचारले, काही लावलंत का? मी म्हटले, छे.

तिने माझे बोट हातात घेतले आणि वास घेतला. रागावली नाही. बॅग भरायला लागली.

२३ मार्च
सकाळच्या बसने दोघी गेल्या. ह्यांनी बॅग वर चढवून दिली. मी ठकीला घ्यायला हात पुढे केले, मग हात धुतलेले आहेत की नाही ते आठवेना, म्हणून मागे घेतले.

२ एप्रिल
सूनबाईचे पत्र. मान स्वच्छ, लाली गेली, दूध व्यवस्थित. खवलेही गळून गेले. बदलीचे नक्की झाले. तिची आई काय लावते म्हणून मी मुद्दाम विचारले होते. लिहिते, आई काहीच करत नाही.

ह्यांनी पत्र दोनदा वाचले आणि म्हणाले, बरं झालं की गं, पोर बरी झाली. हो, बरे झाले. देवाला साखर ठेवली. मग विहीणबाईंना पत्र लिहिले, त्याची नक्कल:

सौ. विहीणबाईंना सप्रेम नमस्कार. ठकी बरी असल्याचे वाचून फार समाधान झाले. आपल्या हाताला यश आहे. आपण काहीच करत नाही असे सूनबाई लिहिते. मला ते एकदाही जमले नाही. सुट्टीत ठकीला थोडे दिवस पाठवाल, तोवर शिकून ठेवीन. तरी काहीच करत नाही म्हणजे नेमके काय करता, सकाळी की संध्याकाळी, आणि ती रडत असताना हात कुठे ठेवता, ते कृपया उलट टपाली कळवावे.