पाकिटावरचा रवा

बाबा,

जे झालं ते आधी क्रमाने लिहिते.

१. सोमवारी सकाळी ओपीडीत एक रुग्ण आला. पुरुष, वय बावन्न, राहणार गुढियारी. तक्रार: चालताना धाप.

२. त्याच्या जुन्या कागदांवर टीबी लिहिलेलं होतं. आमच्या फाइलीतही ‘जुनी टीबी’ अशी नोंद झाली.

३. मंगळवारी दुपारी धाप एकदम वाढली. उजवं फुप्फुस फाटून छातीत हवा भरली होती. मी नळी घातली आणि त्याला माझ्या आयसीयूत घेतलं.

४. बुधवारी सकाळी त्याच्या बायकोने पिशवीतून एक जुना एक्स-रे काढून दिला. पाकिटावर तुमचं अक्षर होतं.

५. बुधवारी दुपारी वैद्यकीय अधीक्षकांनी बोलावून घेतलं. ‘जुनी टीबी’ आहे तशी राहू द्या, असं सांगितलं.

६. शुक्रवारी सकाळी अकराला त्याच्याबद्दल कामगार खात्याकडे जाणाऱ्या अहवालावर माझी सही व्हायची आहे. आज गुरुवार.

हे मराठीत लिहिते आहे, कारण घरात मी हिंदीत उत्तर दिलं की तुम्ही वर्तमानपत्र तोंडासमोर धरायचात आणि मी मराठीवर येईपर्यंत खाली घ्यायचा नाहीत. तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली. इतक्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. मला राग आलेला नाही. राग असता तर सोपं होतं. मला किळस आली आहे, आणि ती नेमकी कोणाची हे ठरवायला मी दुपारच्या सुटीत खोलीचं दार लावून बसले आहे.

पाकीट तुम्हाला आठवेल. रेल्वे हॉस्पिटलातली ड्युटी संपली की संध्याकाळी तुम्ही गुढियारीतल्या एक्स-रेच्या दुकानात फोटो काढायला जायचात. नवीन राज्य झालं, आपलं रायपूर राजधानी झालं आणि दुकानात जुन्या छापाच्या पाकिटांचे गठ्ठे उरले. मालक डॉक्टरांनी ते फेकू दिले नाहीत. तुम्ही ते घरी आणलेत आणि माझ्या हातात लाल पेन दिलंत: पत्त्यातलं ‘म.प्र.’ खोडायचं, वर ‘छ.ग.’ लिहायचं. मी अकरा वर्षांची होते. राजधानी आपण दोघंच तयार करतो आहोत अशा थाटात मी ते काम केलं. माझ्या ‘छ’ची गाठ तेव्हा फार मोठी असायची. काल त्या बाईने कामाचं असलं तर बघा म्हणून पाकीट पुढे केलं, ‘देख तो मैडम, काम के हे त,’ म्हणाली, तेव्हा आधी तो लाल ‘छ’ दिसला. मग खालच्या कोपऱ्यात तुमची पेन्सिल. दोनच शब्द: दगड. रवा.

पहिला शब्द कोणालाही कळेल. फोटो काढण्याआधी तुम्ही प्रत्येकाला काय काम करता हे विचारायचात आणि कोपऱ्यात लिहायचात: भट्टी, विडी, गिरणी, दगड. मालक हसायचे. म्हणायचे, ‘फोटो छाती का निकालना है, शादी नहीं करानी है.’ दुसरा शब्द मात्र जगात तीनच माणसांना कळत होता, आता दोघींना कळतो.

रेल्वे क्वार्टरचं स्वयंपाकघर. दुपारचे चार वाजले आहेत, पश्चिमेच्या खिडकीतून ऊन ओट्यावर आलं आहे. दुकानातल्या बाद फिल्मा तुम्ही काचेला लावून मला दाखवता आहात. मला दोन फिल्मांतला फरक कळत नाही. तुम्ही आईपुढचा थंड तवा उचलता, उलटा ठेवता, तिच्या परातीतली कणीक तोडून काळ्या तव्यावर एका बाजूला थापता. ‘हे पाह्य. हे टीबी. एका जागी बसते आन् तिथंच खाते.’ मग कणीक काढून डब्यातला चिमूटभर रवा भुरभुरता, दोन्हीकडे, वरच्या अंगाला जास्त. ‘आन् हे दगडाची धूळ. दोन्हीकडे सारखी, बारीक बारीक. हे औषधानं जात नाही.’ ‘मंग कशानं जाते?’ ‘जातच नाही ना पोट्टी. आत गेली का गेली.’ आई म्हणते, ‘तवा द्या इकडं. पोळ्या करून राहिली मी, का तुमचा दवाखाना चालवून राहिली?’

त्या तव्याची गोष्ट मी खूप जागी सांगितली आहे. मुलाखतीत सांगितली, विद्यार्थ्यांना सांगते. माझ्या ओपीडीबाहेर पाटी आहे. फोटो, पदव्या आणि खाली हिंदीत चार ओळी, मजकूर माझाच: वडील एक्स-रे तंत्रज्ञ होते, त्यांच्याकडून शिकल्या, रुग्णाला आधी त्याचं काम विचारतात, मग छाती तपासतात. ते खोटं नाही. मी स्टुलावर बसते, रुग्णाच्या डोळ्यांच्या पातळीत. श्वास घड्याळ लावून पूर्ण मिनिट मोजते, पंधरा सेकंद मोजून चारने गुणत नाही. बेशुद्ध माणसालाही नळी घालण्याआधी सांगते, आता घशात टोचेल. हे सगळं तुमच्याकडून आलं. तुम्ही जाड दरवाज्यामागून ‘साँस अंदर, रोको’ म्हणायचात आणि ‘छोड़ो’ म्हणेपर्यंत स्वतःचाही श्वास धरून ठेवायचात, म्हणजे म्हाताऱ्याला फार वेळ थांबवलं जात नाही. मी अजून तसंच करते.

पण पाटीवर अर्धीच गोष्ट आहे. दुसरी अर्धी त्या दुकानातली. रविवारची सकाळ, मी तुमचा डबा घेऊन आले आहे. बाकावर एक मजूर बसला आहे, पापण्यांवर पांढरी भुकटी. तुम्ही ओली फिल्म धरून उभे आहात. मी मागून पाहते आणि मोठ्याने म्हणते, ‘बाबा, हा तर रवा!’ तुम्ही वळता. तसा चेहरा मी तुमचा पुन्हा पाहिला नाही. ‘तोंड बंद. आपलं काम फोटो काढाचं. सांगाचं काम डॉक्टरचं. घरी जा.’ मग त्या माणसाला, अगदी वेगळ्या आवाजात: ‘कुछ नहीं भैया, डॉक्टर साहब बताएँगे.’ डॉक्टरसाहेब काय सांगणार होते हे तुम्हाला माहीत होतं. भनपुरीच्या कारखान्यांची तपासणी त्यांच्याकडे होती. कागदावर टीबी यायची. टीबी मजुराची असते, दगडाचा रोग कारखानदाराच्या माथी येतो. घरी येताना वाटलं, मी काहीतरी वाह्यात बोलले. पुढचे कित्येक महिने मी फिल्म पाहिली की गप्प राहायचे, आणि तुम्ही मला शहाणी म्हणायचात.

तो माणूस हाच होता का, मला माहीत नाही. चेहरा आठवत नाही. आपण दोघंही छाती पाहत होतो.

काल पाकीट पाहिल्यावर मी त्याच्या पलंगाशी स्टूल ओढून बसले. त्याला तीन शब्दांनंतर थांबावं लागतं. ‘क्या काम करते हो?’ ‘पथरा पीसथन, मैडम. भनपुरी म. सादा पथरा.’ पांढरा दगड. भट्टीच्या अस्तराला लागते ती भुकटी. पंचवीस वर्षांच्या वर. टीबीची औषधं तीन वेळा पूर्ण घेतली, बेडक्यात जंतू एकदाही सापडला नाही. जावईही आता तिथेच जातो. मी विचारलं, याआधी कोणी काम विचारलं होतं का? त्याने बराच वेळ आठवलं. ‘हव. फोटू वाले भैया पूछे रिहिस. अउ कोनो नइ.’ दुसरं कोणीच नाही. मग काय म्हणाले भैया? ‘कहिस, मुंह बांध के काम करे कर.’ बांधलं? ‘बांधेंव न. गमछा.’

ती धूळ गमछ्यातून आरपार जाते, बाबा. तुम्हाला हेही माहीत होतं. तुम्ही त्याला रोग सांगितला नाहीत, नुसता गमछा सांगितलात. आणि त्याच्या मनात तुम्ही चांगले आहात, सगळ्या डॉक्टरांपेक्षा तुम्ही एकटे चांगले. मला तिथून उठून हात धुवावेसे वाटले. धुतले.

अधीक्षकांच्या टेबलावर फळांची पेटी होती, कारखान्याकडून आलेली, प्रत्येक किवीवर स्टिकर. शेजारी त्याच कारखान्याच्या वार्षिक तपासणीचे फॉर्म. नावं अजून भरायची होती, पण छातीच्या रकान्यात ‘कोई दोष नहीं’ आधीच छापलेलं होतं. त्यांनी पाकीट उलटसुलट पाहिलं. ‘ये क्या है, सूजी? पेशंट का नाश्ता लिखा है?’ स्वतःच हसले. ‘मॅडम, टीबी रहने दीजिए. दवा तो सरकार देती है, किसी का क्या जाता है?’ मी म्हटलं, इसको टीबी नहीं है. त्यांनी फाइल माझ्याकडे सरकवली. ‘फाइल में लिखा तो है.’ मी फाइल उघडली नाही. ‘और ये पेन्सिल कौन समझाएगा? लिखनेवाला कहाँ है?’ मी म्हटलं, नहीं हैं. ‘तो बस,’ ते म्हणाले आणि एक किवी पुढे केली.

मी समजावू शकते. फिल्मवरच्या तारखेनुसार तेवीस वर्षांपूर्वी त्याच्या छातीत दगड दिसत होता, याला त्या फिल्मखेरीज दुसरा पुरावा नाही, आणि तेव्हाच तो कोणालातरी दिसला होता याला रव्याखेरीज नाही. हा रोग सापडला की कळवणं डॉक्टरला कायद्याने बंधनकारक आहे. कळवलं तर कारखान्यात तपासणी येईल, जावई त्या धुळीतून निघेल. पण रवा म्हणजे काय हे लिहिलं, की लिहिणारा गप्प का राहिला हेही लिहावं लागतं. मी सकाळी आईला सांगितलं. ती तुमच्या फोटोचा हार बदलत होती. ‘गेलेल्या माणसाले काहून ओढून राहिली तू? तुह्या शिकवणीच्या पैशासाठीच जात होते ना ते तिथं?’ मी हिंदीत म्हटलं, इसीलिए. तिने जुना हार पिशवीत भरला.

तुम्ही माझ्यासाठी घरातही रेल्वेसारख्या नोटिसा लावायचात. कपाटावर, पेन्सिलीने: रविवारी पाचला उठून अभ्यास, हरकत असल्यास शनिवारपर्यंत कळवणे, उत्तर न आल्यास हरकत नाही असे समजले जाईल. मी कधीच कळवलं नाही. पाचला उठायचे.

आता एक राहिलं. वर क्रमांक दोनमध्ये नोंद कोणी केली ते मी लिहिलेलं नाही. ती माझ्या हातची आहे. सोमवारी तो माणूस माझ्या पाटीखाली दोन तास बसला, मग आत आला. बाहेर गर्दी होती. मी जुने कागद पाहिले, ‘जुनी टीबी’ लिहिलं आणि पुढच्याला बोलावलं. त्याला काम विचारलं नाही. तुम्ही निदान विचारलं होतं.

उद्या मी अहवालावर दगडाच्या धुळीचा रोग असं लिहिणार आहे. सोबत फिल्म आणि पाकीट. वेगळ्या कागदावर: रवा म्हणजे काय, तो शब्द कोणी लिहिला, त्यांना काय माहीत होतं, त्यांनी काय सांगितलं नाही. त्याखाली माझी सोमवारची नोंद, नावासकट.

तुमची हरकत असेल तर शुक्रवारी सकाळी अकराच्या आत मला कळवा.