करुणाच्या कर्जाचं व्याज

९ फेब्रुवारी १९८७, सौंसर
यंदा पहिल्यांदाच पगारातून इन्कम टॅक्स कापणार. हेडबाई झाल्याचं बक्षीस! ऑफिसात बाबूला विचारलं, मुलीच्या डॉक्टरीसाठी काढलेल्या कर्जाचं व्याज मी भरते, त्याची सूट? तो हसला. "मॅडम, फॉर्म में ऐसा खाना ही नहीं है." रकाना नाही तर अर्ज करीन. नाही म्हणायचं तर साहेबांनी लिहून म्हणावं.

११ फेब्रु.
बाबूची दुसरी खोच. कर्ज दादाच्या नावावर! तेव्हा बँकेला तारण म्हणून जमीन हवी होती, माझ्याकडं खडू. दादानं लोधीखेड्याचा संत्र्याचा बगीचा गहाण ठेवला. व्याज दर सहामाहीला मी भरते, पावती फाटते त्याच्या नावानं. म्हणजे त्याच्याकडून लिहून आणायचं. इतकंच ना? आणते.

१५ फेब्रु., रविवार
लोधीखेडा. संत्र्याची तोड सुरू, दादा पेट्यांत बुडालेला. विषय काढला तसा चेहरा पडला.
"शांते, मी त गावभर सांगितलं, भाचीले मीच शिकवून राहिलो म्हणून. आता मीच लिहून देऊ का, का मी नाही भरत?"
"मग खोटं आहे का ते?"
"खरं हाये म्हणूनच त..."
वहिनीनं चहा दिला. बगीचा गहाण टाकताना त्यानं मागंपुढं पाहिलं नव्हतं, हे मी विसरलेली नाही. पण करुणाचे वडील जाऊन सहा वर्षं झाली, पोटाला चिमटा मी काढते. फार राग आला. रिकाम्या हातानं परत.

२३ फेब्रु.
माझ्या पत्राला करुणाचं जबलपूरहून उत्तर. "आई, मामाचं मन मोडू नको. डॉक्टर झाल्यावर मीच सगळं फेडीन." अजून तिसरं वर्ष पार नाही अन् फेडायला निघाली! सूट मिळून मिळणार किती, दोन साड्यांची. मला सूट नकोच बहुतेक. एका तरी सरकारी कागदावर असावं की ही मुलगी आईनं शिकवली. लिहिताना लाज वाटते, पण आहे ते आहे.

२ मार्च
कर कापला. कापू दे, परत मागता येतो. छिंदवाड्याला इन्कम टॅक्सच्या साहेबांकडं थेट अर्ज. दादाला चिठ्ठी: सोमवारी सकाळच्या बसनं जाते, वाटलं तर ये.

९ मार्च
दादा आला! धुतलेलं धोतर, खिशात लिहिलेला कागद, पावत्या सुतळीनं बांधलेल्या. साहेबांनी विचारलं, "कर्ज़ आपका, ब्याज बहन भरती है?"
"हो साहेब. पयल्यापासून थेच भरते." मान खालीच.
साहेब म्हणाले, "नियम तो दिखता नहीं. आवेदन छोड़ जाइए." मी पोच मागितली. कुरकुरत शिक्का मारला.
परतीच्या बसमध्ये घाट उतरेपर्यंत दादा पावत्यांची सुतळी बोटाला गुंडाळत होता. मग म्हणाला, "आता मी करुणाचा कोण, शांते?"
"मामा. आणखी कोण?"
एवढं पुरेसं नव्हतं, मला कळत होतं. त्याच्या डोळ्यांत पाणी. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, नाही वाटलं.

२६ मार्च
छिंदवाड्याहून उत्तर नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा जाणार, त्यात बदल नाही. दादाला सोबत ये म्हणू की नको, ते मात्र ठरत नाही.