लाल डोळा, पांढरा डोळा

प्रिय थूसो,

कुंपणापलीकडे राहणाऱ्या दिराला पत्र लिहिते म्हणजे माझं डोकं फिरलंय असं तू म्हणशील. तसंच समज. समोर आलास की तुझ्या जागी मला तुझा भाऊ ओआगिलेच दिसतो, आणि बोलायचं ते राहून जातं.

त्याला जाऊन दोन पावसाळे झाले. परवा थोरले मामा अंगणात खुर्ची टाकून म्हणाले, "रिकाम्या घरात वाळवी शिरते, सूनबाई. त्यापेक्षा धाकटा भाऊ शिरलेला काय वाईट? आपल्यात पूर्वीपासून चालत आलंय." तू खाली मान घालून बसलास. मात्र तेव्हापासून मला वहिनी म्हणायचं सोडलंयस. मी मामांना म्हटलं, रविवारी सांगते.

त्याच दिवशी मी तुझ्या चहात तीन चमचे साखर घातली आणि तू मुकाट्याने प्यायलास. तीन चमचे त्याला लागायचे. तुला साखर आवडत नाही हे मला भांडी घासताना आठवलं. अरे, बोलायचं नाही का?

नदीवरच्या पर्यटकांच्या कॅम्पात पाहुण्यांना मी दोन जातींचे सुगरण पक्षी ओळखायला शिकवते. दोन्हींचे नर पिवळे, तोंडं काळी. एकाचा डोळा लाल, दुसऱ्याचा पांढरा, आणि त्याच्या घरट्याला खाली आखूड नळी. पाहुणे चुकले की मी हसते. आणि आपल्या बाभळीवरचा नर म्हणजे ओआगिले ज्याच्याशी गप्पा मारायचा तो लाल डोळ्याचाच, असं मी सगळा हंगाम धरून चालले. काल जवळून पाहिलं. डोळा पांढरा. जुन्या घरट्याशेजारी त्याने आपलं वेगळं विणलंय. मग इतके दिवस मी बघत होते कुणाकडे? तू हसलास की मला बरं वाटतं. पण ते तुझ्यामुळे की ओआगिलेच्या आठवणीने, खरंच कळत नाही, थूसो. रडू येतं.

म्हणून रविवारच्या आत हे लिहिते. त्याच्या घरात शिरू नकोस. तुला मनापासून हवं असेल, मामांना हवं म्हणून नव्हे, तर बाभळीच्या पलीकडे स्वतःची भिंत घाल, वाकडी झाली तरी चालेल. सुगरणीची मादी घरटं ओढून बघते, तशी मीही येऊन बघेन. पसंत पडेलच असं नाही. रविवारी मामांना एवढंच सांगणार आहे. तूही ये, चहा बिनसाखरेचा देईन.

तुझीच, पण कोण ते अजून न ठरलेली,
सेथुन्या