चंद्रीच्या शिंगराला मी चालवलं

साखरा

प्रिय दादा,

कर्र... कर्र... कर्र. आठवतो तो आवाज? गोठ्यात आपली घोडी चंद्री कडबा चावायची आणि भिंतीपलीकडे मी शाळेच्या वह्या तपासत बसायचो. मला त्यात कवितेची लय सापडायची. तू हसायचास, "मास्तर, तुला घोडीच्या दातातबी कविता दिसून राहिली का?"

आज लिहायला बसलो, कारण तुझ्या लेकीची, सिंधूची घोडी मैना चार दिवसांपूर्वी व्याली. शिंगरू देखणं, कपाळावर चांदणी. पण उठेना! मागचे पाय लाकडासारखे ताठ, दूध प्यायला मान धरवेना. अगदी चंद्रीच्या शिंगरासारखं!

हिंगोलीहून जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. म्हणाल्या, "गाभणपणात हिरवं काय घातलं?"

सिंधू म्हणाली, "हिरवं कुठलं वो, उन्हाळाभर कडबाच. पण पोटभर, दोन्ही टायमाला."

बाईंनी समजावलं. वाळल्या चाऱ्यात ई जीवनसत्त्व फारसं उरत नाही. मातीतच सेलेनियम नावाचं खनिज कमी असलं, तर चाऱ्यातही ते कमीच उतरतं. आईच्या अंगात नाही, मग पोटातल्या लेकराला कुठून मिळणार? त्याचे स्नायूच दुबळे होतात. त्यांनी सुई दिली, बाटलीनं दूध पाजायला सांगितलं. "हे औषध आपल्या मनानं द्यायचं नाही, जास्त झालं तर विष. आणि त्याला धरून चालवू नका. ताण पडला तर जीव जाईल."

दादा, मला चंद्रीचं शिंगरू आठवलं.

चंद्रीच्या शिंगराला चालवलं कोणी? मीच ना! पाय मोकळे होतील म्हणत त्याला उचलून उभं केलं. वर्गात पोरांकडून कविता म्हणवून घ्यायचो, त्याच चालीवर अंगणात फेऱ्या मारायला लावल्या. तू सांगत होतास, "बापू, राहू दे रे. दमलंय लेकरू." मी ऐकलं का? संध्याकाळी ते गेलं, आणि सगळ्यांसमोर मी तुलाच म्हणालो, "तू घोडीला उपाशी ठेवलंस!"

उपाशी! रोजचा तो कर्र कर्र मीच ऐकत होतो की!

त्यानंतर तू मला कधी मास्तर म्हणून चिडवलं नाहीस. काहून गप्प राहिलास? एकदा तरी भांडायचं होतंस माझ्याशी!

काल सिंधूला सगळं सांगितलं. बाटली धरून बसली होती. वर न बघताच म्हणाली, "बाबा म्हनायचे, बापूनं त्या लेकरासाठी लई जीव टाकला."

म्हणजे राग नव्हताच का रे? मग तू होतास तोवर मी इतकी वर्षं तुझ्या ओट्यावर यायला का कचरत होतो?

विहिरीजवळच्या तुझ्या तुकड्यात आता लसूणघास पेरतो. पुढच्या खेपेला मैनाला हिरवं कमी पडणार नाही. औषध बाई सांगतील तेवढंच. आणि या शिंगराला मी हात लावणार नाही. त्याला वाटेल तेव्हा ते उठेल. हा माझा शब्द.

थांब, दारात काहीतरी खुटखुटतंय. सिंधू असेल म्हणून मान वर केली, तर उंबऱ्यापाशी लटपटते चार पाय आणि कपाळावर चांदणी! मागं मैना, तिच्या मागं धावत सिंधू. ओरडून राहिली, "काका, म्या न्हाई आणलं वो! आपल्या पायानं आलंय!"

तुझा,
मास्तर